टेंपोच्या एंजिनाचा तोल

बिऱ्हाड हलवावयाचें झालें कीं पुण्यांतला गृहस्थ 'एक टेंपो सांगून ठेवा' असें सहज म्हणतो. हा शब्द आतां इतका घरचा झाला आहे कीं, मुळांत तें हँबुर्ग येथील व्हिडाल यांच्या कारखान्याच्या गाडीचें नांव होतें, याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. आज मला त्या गाडीच्या पोटांतील एंजिनाचा इतिहास सांगावयाचा आहे. जुन्या मॅटाडोरमधील बाकें काढून, तेथें बिछाना, शेगडी व पाण्याचें पिंप बसवून जीं कुटुंबें प्रवासास निघतात, त्यांना त्या एंजिनाची थरथर दिवसभर अंगावर घ्यावी लागते. आणि तिचें मूळ बरेंच मागें, दुसऱ्या देशांत आहे.

१९४९ मध्यें व्हिडाल यांच्या कारखान्यानें मॅटाडोर नांवाची गाडी काढली, तेव्हां तिला फोक्सवॅगनचें एंजिन बसविलें होतें. या एंजिनांत चार नळकांडीं असून तीं दोन दोन करून समोरासमोर आडवीं पडलेलीं असतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळीं बाहेर जातात व एकाच वेळीं आंत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा परस्पर मोडून काढतो. ते अगदीं एका रेषेंत नसल्यामुळें थोडी डुलकी उरते, एवढेंच. पुढें १९५० मध्यें फोक्सवॅगननें स्वतःचीच वाहतुकीची गाडी बाजारांत आणली, आणि प्रतिस्पर्ध्यास एंजिनें पुरविणें लवकरच बंद केलें. फोक्सवॅगनच्या त्या गाडीला वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ पासून बिछाना व कपाटें बसवून फिरत्या घराचें रूप दिलें. टेंपोला मात्र दुसरें एंजिन शोधावें लागलें. निरनिराळे प्रयोग होऊन तिच्या वांट्यास चार नळकांडीं एका ओळींत उभीं असलेलें एंजिन आलें. तोलाची गोष्ट येथून बिघडते.

प्रथमदर्शनीं असें वाटेल कीं, दोन पिस्टन वर जात असतां दोन खालीं येतात, मग बिघडलें काय? परंतु पिस्टन व क्रँक यांना जोडणारा दांडा फिरतांना तिरपा होतो. त्यामुळें क्रँकच्या फेऱ्याच्या वरच्या अर्धांत पिस्टन अधिक अंतर तोडतो व खालच्या अर्धांत कमी. वर जाणाऱ्यांचा हिशेब खालीं येणाऱ्यांशीं जुळत नाहीं, आणि बाकी राहिलेला धक्का दर फेऱ्यास दोन वेळां बसतो. क्रँकचे मिनिटास ३००० फेरे होत असतील तर सेकंदास १०० धक्के झाले! शिवाय वेग दुप्पट झाला तर धक्क्याचा जोर चौपट होतो. लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभींच यावर उपाय सुचविला होता. क्रँकच्या दुप्पट वेगानें, एकमेकांच्या उलट फिरणारे, एका बाजूस जड असे दोन दांडे एंजिनांत बसवावयाचे. उपाय रामबाण, पण खर्चाचा. पुष्कळ कारखानदारांनीं त्याकडे पाठ फिरविली.

पुण्यास डिझेल एंजिन नवें नव्हतें. १९४६ मध्यें किर्लोस्करांनीं खडकीस तेलाच्या एंजिनांची कंपनी स्थापन केली होती. परंतु विहिरीवरचें एंजिन पक्क्या चौथऱ्यास बोल्टांनीं जखडलेलें असतें. त्याचे धक्के जमीन सोसते. गाडीला चौथरा कोठला? नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानें १९५८ मध्यें बजाज टेंपो ही कंपनी निघाली (२००५ पासून ती फोर्स मोटर्स या नांवानें चालते), पुढें आकुर्डीस कारखाना उभा राहिला, आणि १९६९ मध्यें मॅटाडोर आपल्या रस्त्यांवर आली. कालांतरानें तिला मर्सिडीजचें २.४ लिटरचें डिझेल एंजिन मिळालें. त्यांतही चार नळकांडीं एका ओळींत, आणि लँचेस्टरचे दांडे नाहींत. तें बसविलें चालक व शेजारचा उतारू यांच्या मधोमध, झांकणाखालीं. मला ही निवड चुकीची वाटत नाहीं. डिझेल स्वस्त होतें, एंजिन दणकट होतें, आणि तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही तें उघडूं शके. हादरा ही त्या सोयीची किंमत होय.

मात्र सर्वच हादरे उपजत नसतात. माझ्या एका स्नेह्यांनीं जुन्या मॅटाडोरचें फिरतें घर केलें. खंबाटकीच्या घाटांत एक पिस्टन निकामी झाला. दुरुस्ती करणारानें तेवढाच बदलला, आणि तोही निराळ्या घडणीचा. गाडी उभी असतां एंजिन पूर्वीसारखेंच चाले. उभ्या गाडींतली थरथर मुख्यतः नळकांड्यांतील स्फोटांची असते. पिस्टनच्या वजनाचा तिच्याशीं फारसा संबंध नाहीं. परंतु वेग घेतला कीं कपाटांतील पितळी भांडीं खणखणूं लागत. एकानें एंजिनाखालचीं रबरें बदललीं, दुसऱ्यानें डिझेलचा पंप जुळविला, गुण येईना. वहिनींनीं तर एस्. टी.नें परत जाण्याची भाषा सुरू केली.

अखेरीस एका वृद्ध मिस्त्रीनें एंजिन खोललें व चारी पिस्टन सोनाराच्या कांट्यावर तोलले. नवा पिस्टन स्पष्टच जड निघाला. त्यानें चारी पिस्टन व चारी दांडे सारख्या वजनाचे करून घेतले. मग क्रँक, जडचक्र आणि क्लच हीं एकत्र फिरवून पाहिलीं, आणि जेथें भार अधिक तेथें बारीक भोंक पाडून धातु काढून टाकला. हें काम दोन दिवस चाललें.

त्यानंतर भांडीं वाजलीं नाहींत. एंजिनाच्या झांकणावर चहाचा पेला ठेवला, तर त्यांत बारीक लहर उठते ती उठतेच.