उघडून वाचायचे यंत्र

रॉबर्ट पर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) या पुस्तकात एक लहानसा प्रसंग आहे. निवेदकाचा मित्र जॉन याच्या बीएमडब्ल्यू आर ६० चे हँडल सैल झालेले असते. कितीही आवळले तरी ते घट्ट बसत नाही. निवेदक सुचवतो की बिअरच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पाचर म्हणून घालू. पातळ, मऊ, न गंजणारा पत्रा. या कामाला याहून चांगली वस्तू मिळणे कठीण. जॉनचा चेहरा मात्र उतरतो. जर्मन कारागिरीच्या अर्धशतकाच्या परंपरेला बिअरच्या डब्याचे ठिगळ लावायचे, ही कल्पनाच त्याला अपमानकारक वाटते.

या प्रसंगाची चर्चा बहुधा अभिजात आणि स्वच्छंदतावादी या दोन दृष्टींमधील द्वंद्वाचे उदाहरण म्हणून होते, आणि पर्सिगलाही तेच अभिप्रेत आहे. पण त्यातून जर्मन मोटरसायकलचे जे चित्र मनात उरते (आत डोकावण्याची वेळच येऊ नये म्हणून विकत घेतलेली गाडी) ते तिच्या इतिहासाशी जुळत नाही. हा इतिहास यंत्रे उघडण्याचा, मोजण्याचा आणि त्यांच्या नकला करण्याचा आहे. जुनी जर्मन मोटरसायकल हौसेने बाळगणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसाला तिच्यात जे सापडते तेही या इतिहासातून वेगळे काढता येत नाही, असे मला वाटते. त्यातला काही भाग सुखाचा नाही.

बीएमडब्ल्यू ही मुळात विमानांची इंजिने बनवणारी कंपनी. १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीत या उद्योगावर बंदी आली आणि म्युनिकच्या या कारखान्यावर रेल्वेचे ब्रेक तयार करण्याची पाळी आली. त्याच सुमारास तेथील अभियंते मार्टिन श्टोले यांनी ‘डग्लस’ ही इंग्रजी मोटरसायकल सुटी केली आणि तिच्या इंजिनाच्या धर्तीवर सुमारे ५०० सीसीचे एक इंजिन बनवले. त्यात एकमेकांकडे पाठ करून आडवे पडलेले दोन सिलिंडर होते. हे इंजिन दुसऱ्या कंपन्यांना, न्यूरेंबर्गच्या ‘व्हिक्टोरिया’सारख्यांना, विकले जाई. ते गाडीत लांबीच्या दिशेने बसवले जात असल्यामुळे मागच्या सिलिंडरला वारा मिळत नसे आणि तो तापे. विमानांच्या इंजिनांत मुरलेले माक्स फ्रित्स यांनी ते इंजिन काटकोनात फिरवले. दोन्ही सिलिंडर गाडीच्या दोन बाजूंना, वाऱ्यात आले. गिअरबॉक्स इंजिनालाच जोडली गेली. साखळी जाऊन तिच्या जागी मागच्या चाकापर्यंत जाणारा शाफ्ट आला. ही आर ३२ : ४९४ सीसी, साडेआठ अश्वशक्ती. १९२३च्या सप्टेंबरात ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा देशातील चलनवाढ कळसाला पोचत होती; दोन महिन्यांत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागणार होते. तरी गाडी टिकली, आणि तो आकृतिबंध असा टिकला की शंभर वर्षे उलटल्यावरही बीएमडब्ल्यू त्या मांडणीची इंजिने बनवते आहे.

ज्या यंत्राला आपण अस्सल जर्मन म्हणतो त्याचा पहिला खर्डा असा एका इंग्रजी गाडीवरून उतरवलेला होता. ज्यांनी रूपांतरांच्या पायावर उभी राहिलेली नाट्यवाङ्मये अभ्यासली आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. फ्रित्स यांनी अगदी नवे असे फारसे काही शोधले नाही. जे होते ते फिरवून ठेवले.

पुढे नक्कल उलट्या दिशेने झाली. सॅक्सनीतील चोपाउ या गावी रास्मुसन नावाच्या डॅनिश गृहस्थाने उभारलेली डीकेडब्ल्यू ही कंपनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगातील सर्वांत मोठी मोटरसायकल उत्पादक होती. हेरमान वेबर यांनी रचलेली तिची आरटी १२५ ही लहानशी टू-स्ट्रोक गाडी १९३९ मध्ये आली. जर्मनी हरल्यावर तिचे आराखडे जेत्यांच्या हाती पडले. इंग्लंडमध्ये तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५, सोव्हिएत संघात ‘मॉस्क्वा’. १९५५ मध्ये यामाहाने आपली पहिली मोटरसायकल काढली तीही याच गाडीवरून. एका संहितेची इतक्या भाषांत भाषांतरे झाली आणि मूळ कर्ता मात्र सोव्हिएत संघात नेला जाऊन १९४८ मध्ये तिथेच वारला. मोटरसायकलींच्या ग्रंथांत वेबरच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात.

बीएमडब्ल्यूच्या आर ७१ ची कथाही अशीच. तिच्यावरून सोव्हिएत अभियंत्यांनी १९४१ मध्ये एम ७२ ही लष्करी गाडी बनवली. जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकू लागल्या तसा तो कारखाना उरल पर्वतापलीकडे इर्बिट या गावी, एका जुन्या बिअरच्या भट्टीत हलवण्यात आला. (पर्सिगच्या डब्याची आठवण इथे टाळणे अवघड आहे.) म्हणजे युद्धात दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच घराण्याच्या गाड्यांवर बसून एकमेकांवर चालून जात होते.

पण सगळ्यांत बोलका प्रसंग खुद्द म्युनिकमधला आहे. युद्धानंतर बीएमडब्ल्यूला लहान मोटरसायकली बनवण्याची परवानगी मिळाली तेव्हा हाताशी आराखडेच नव्हते. मोटरसायकलींचे उत्पादन युद्धकाळात आयसेनाखला गेले होते आणि ते शहर आता सोव्हिएत विभागात होते. तेव्हा अभियंत्यांनी युद्धापूर्वीची एक आर २३ आणली, ती सुटी केली, एकेक भाग मोजला आणि त्यावरून नवे आराखडे काढले. त्यातून १९४८ मध्ये आर २४ आली. कर्त्यालाच आपली हरवलेली कृती प्रतीवरून पुन्हा वाचावी लागली! तिकडे आयसेनाखमध्ये जुन्या आराखड्यांवरून आर ३५ बनत राहिली. नावाचा वाद झाल्यावर तिच्या टाकीवरच्या वर्तुळातला निळा रंग जाऊन तिथे लाल आला आणि बीएमडब्ल्यूची ईएमडब्ल्यू झाली.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे फार दूरचे वाटेल, पण एक धागा आपल्या रस्त्यांपर्यंत येतो. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी महाराष्ट्रात एका पिढीने चालवल्या. जावा हे नाव यानेचेक या चेक उद्योजकाच्या आणि ‘वांडरर’ या जर्मन कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून झाले आहे. १९२९ मध्ये यानेचेकने वांडररच्या मोटरसायकलीचे हक्क विकत घेतले होते.

आता चालवण्याविषयी. आर ५० किंवा आर ६९ एस यांसारखी १९५०-६०च्या दशकांतली गाडी घ्या. तिची चावी म्हणजे खिळ्यासारखी एक सळई. ती हेडलाइटच्या वरच्या भोकात वरून दाबायची. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरवरची पिन दाबून थोडे पेट्रोल वर येऊ द्यायचे. किक पुढेमागे नसते, ती गाडीपासून आडवी बाहेर जाते, कारण आत क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने आहे. रचना पायाला कळते ती अशी. उभ्या गाडीला रेस दिली की ती उजवीकडे अंग टाकते. चालत्या गाडीला जोर दिला की शाफ्टमुळे मागची बाजू किंचित उचलली जाते, सोडला की बसते. नव्या गाड्यांत हे सारे दाबून टाकलेले असते. जुन्या गाडीवर बसलेल्या माणसाला बाहेर आलेल्या दोन सिलिंडरांची ऊब पावलांना लागत असते, आणि टॅपेट सेट करायचे झाले तर रस्त्याच्या कडेला बसून, झाकण काढून, पाना आणि फीलर गेज एवढ्यावर काम भागते. या आनंदाला गतकातरता म्हणून उडवून लावणे सोपे आहे. मला तो सावकाश वाचनाच्या आनंदाच्या जवळचा वाटतो : कारण आणि कार्य यांच्यामधली जागा डोळ्यांना दिसते.

सगळीच दिसते असे मात्र नाही. या गाड्यांत तेलाची कागदी गाळणी नसते. तेलातला मळ क्रँकशाफ्टवरच्या दोन चकत्यांमध्ये साचत जातो. त्या भरल्या की बेअरिंगला तेल मिळेनासे होते. बाहेरून गाडी गुळगुळीत चालत असते, आणि आत काय साचले आहे हे सगळे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. जाणकार मालक म्हणून आधी विचारतो : शेवटची उघडली कधी?

या लोकांमधला मुख्य वाद पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला घरचा वाटेल. मूळ गाडी कोणती? फ्रेमवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक एकच असला पाहिजे, हा पहिला निकष. पण उडालेला काळा रंग आणि पुसट झालेल्या, हाताने ओढलेल्या पांढऱ्या रेघा तशाच राखायच्या, की कारखान्यातून आली तशी पुन्हा रंगवायची? चार मोडक्या गाड्यांचे भाग जुळवून उभी केलेली पाचवी गाडी ही संपादकाने सिद्ध केलेल्या पाठासारखी असते : तिचा प्रत्येक भाग अस्सल, पण ती तशी कधीच अस्तित्वात नव्हती. रशियन उरलला करडा रंग देऊन तिला जर्मन लष्कराची गाडी म्हणून मिरवणारेही पुष्कळ. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) या चित्रपटात तारांच्या कुंपणावरून झेप घेणारी ‘जर्मन’ मोटरसायकल तर रंग बदललेली इंग्रजी ट्रायंफ होती.

करड्या रंगाचा विषय निघाला की हौशी मंडळींचा आवाज बदलतो. १९३७ मध्ये एर्न्स्ट हेनं याने बीएमडब्ल्यूवर ताशी २७९.५ किलोमीटरचा विक्रम केला. १९३९ च्या जूनमध्ये गेओर्ग मायर याने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही इंग्रजांच्या अभिमानाची शर्यत जिंकली. दोन्ही विजय नाझी राजवटीने आपल्या प्रचारात वापरले. बाजूगाडीच्या चाकालाही शक्ती पुरवणारी आर ७५ लष्करासाठी १९४१ पासून १९४४ पर्यंत बनली, सोळा हजारांहून अधिक. संग्राहकांच्या बाजारात तिला आज फार मागणी आहे, आणि यंत्र म्हणून ती तशी आहेच. पण म्युनिकचा कारखाना विमानांच्या इंजिनांसाठी मोकळा करायचा म्हणून तिचे उत्पादन १९४२ मध्ये आयसेनाखला हलवले गेले. ती विमानांची इंजिने बनवण्यासाठी जवळच्या आलाख येथे डाखाउ छळछावणीतील कैदी जुंपण्यात आले. १९४३ मध्ये तिथे उपछावणीच उभी राहिली. आयसेनाखच्या कारखान्यातही सक्तीचे मजूर राबत होते. बीएमडब्ल्यूने आपल्या शताब्दीदिनी, ७ मार्च २०१६ रोजी, या इतिहासाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

‘यंत्र निष्पाप असते’ हे यावर ठरलेले उत्तर. मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेत चाललेला स्वायत्ततेचा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना त्यातले बळ आणि उणीव दोन्ही ओळखता येतील. सिलिंडर वाऱ्यात ठेवण्याच्या कल्पनेचे सौंदर्य राजवटीवर अवलंबून नाही. ती १९२३चीच आहे. पण याच मंडळींना एका नटाचा उगम कोणत्या वर्षाचा, कोणत्या कारखान्याचा याचा छडा लावायला आठवडे पुरत नाहीत. दिव्याच्या काचेवरच्या शिक्क्यापर्यंत जो इतिहास हवा असतो तो कारखान्याच्या फाटकाशी का थांबावा, याचे पटण्याजोगे उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेले नाही. अशी गाडी बाळगू नये असे माझे म्हणणे नाही. उलट ज्याच्या हाती ती आहे त्यालाच हा प्रश्न टाळता न येणारा आहे, कारण शिक्के आणि क्रमांक वाचायला तो शिकलेला आहे.

फ्रेमवरचा क्रमांक कळवला की गाडी कारखान्यातून कोणत्या तारखेला बाहेर पडली आणि कुठे पाठवली गेली याची माहिती बीएमडब्ल्यूच्या म्युनिकमधील संग्रहातून मिळू शकते. हौशी मंडळी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. त्यात ते यंत्र कुणी जोडले याचा रकाना नसतो.