पंच्याण्णव टक्के झालेलं धरण

इंजिनियर सुट्टीवर गेला तरी धरण दिसलं की गाडी थांबवतो आणि घरचे एकमेकांकडे बघून उसासा टाकतात. टेनेसी राज्यात लेनोर सिटीजवळ माझं तेच झालं. तिथे दोन धरणं अगदी शेजारीशेजारी आहेत. फोर्ट लाउडन धरणाला वीजघर आहे, बोटींसाठी लॉक आहे. पलीकडच्या टेलिको धरणाला मात्र वीजघरच नाही! त्याचं पाणी एका छोट्या कालव्याने फोर्ट लाउडनच्या जलाशयात जातं आणि तिथली जनित्रं फिरवतं. मग हे धरण बांधलंच कशाला? त्याच्या मागे लागलो आणि थेट 1936 सालच्या एका कायद्यापाशी जाऊन पोचलो.

त्या वर्षी मार्चमध्ये महापुराने पिट्सबर्ग बुडालं. जूनमध्ये रूझवेल्टनी पूरनियंत्रण कायद्यावर सही केली. त्यात एक अट होती: प्रकल्पाचे फायदे, मग ते कोणाच्याही पदरात पडोत, खर्चापेक्षा जास्त असले तरच केंद्र सरकारने त्यात पैसा घालावा. सरकारी पैसा कुठे घालायचा हे पुढाऱ्याच्या वजनावर न ठरता आकड्यांवर ठरावं, ही कल्पना इतक्या स्पष्ट शब्दांत कायद्यात आली. आकडेमोड लष्कराच्या इंजिनियरांनी करायची होती. अर्थशास्त्रज्ञ त्यात मागाहून उतरले.

आपल्याकडेही हे गणित जुनंच आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे मोजले, तो अहवाल 1948 चा. पुढे साठच्या दशकात पाटबंधारे प्रकल्पांना हाच निकष लागला. आमच्या बाबांच्या तोंडी सतत 'बीसी रेशो' असायचा. दीडच्या खाली असेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही म्हणायचे. लहानपणी मला तो दीड फार पवित्र वाटायचा.

नंतर स्वतः गणित करून बघितलं तेव्हा त्याचं पावित्र्य जरा उतरलं. धरणाचा खर्च आज होतो, फायदे पुढची पन्नास वर्षं थोडेथोडे येतात. दरवर्षी मिळणाऱ्या 1 रुपयाची पन्नास वर्षांची मिळून आजची किंमत 3 टक्के दराने 25.70 रुपयांच्या आसपास येते, 10 टक्क्यांनी 9.90. सिमेंटचं एक पोतंही न हलवता धरण फायद्याचं किंवा तोट्याचं करता येतं! अमेरिकेत जलप्रकल्पांसाठी 1968 पर्यंत सव्वातीन टक्क्यांच्या आसपासचा दर धरत. दुसरी वाट म्हणजे फायद्यांच्या रकान्यात नवनव्या ओळी घालणं.

टेलिकोचं तेच झालं. हे धरण टेनेसी व्हॅली अथॉरिटीचं, म्हणजे टीव्हीएचं. संस्था वेगळी, पण पद्धत तीच. काम 1967 मध्ये सुरू झालं. वीज आणि पूरनियंत्रण यांच्यावर हिशेब जुळेना, म्हणून करमणूक आणि तळ्याकाठच्या जमिनीचा विकास हे मोठे फायदे म्हणून धरले गेले. सुमारे 38,000 एकर जमीन घेतली, पाण्याखाली जाणार होती त्याच्या निम्म्याहून कमी. बाकीच्या जमिनीवर नवं शहर वसायचं होतं. त्यात बोइंग कंपनी भागीदार होती, ती 1975 मध्ये बाहेर पडली. दरम्यान तीनशेहून जास्त कुटुंबं उठली होती.

त्याआधी 1973 मध्ये त्या नदीत स्नेल डार्टर नावाचा बोटभर मासा सापडला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला की कायदा माशाच्या बाजूने आहे, धरण थांबवा. सगळीकडे थट्टा झाली: एवढाली भिंत आणि एवढासा मासा! टेनेसीचे सिनेटर हॉवर्ड बेकर यांच्या पुढाकाराने कायद्यात दुरुस्ती होऊन सात जणांची समिती नेमली गेली. माशाच्या जातीने जगायचं की नाही हे ती ठरवणार, म्हणून लोक तिला 'गॉड स्क्वॉड' म्हणू लागले.

या समितीने मासा बाजूला ठेवून हिशेबच काढला. तोवर झालेला खर्च सोडून दिला, फक्त पुढचा धरला. बुडणाऱ्या जमिनीची किंमत मात्र धरली, कारण ती विकत घेऊन झाली असली तरी अजून बुडाली नव्हती. (इथे मी मनातल्या मनात टाळी वाजवली.) वर्षाकाठी फायदे 65 लाख डॉलर, खर्च 72.2 लाख. म्हणजे 95 टक्के झालेलं धरण पुरं करणंसुद्धा तोट्याचं! राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार चार्ल्स शुल्ट्झ समितीत होते. उरलेला खर्चही निघत नाही, यावरून मूळ आराखडा कसा असेल ते कळतं, अशा अर्थाचं ते बोलले. 23 जानेवारी 1979 ला सातही जणांनी एकमताने सूट नाकारली, टेनेसीच्या प्रतिनिधीनेसुद्धा.

बेकर यांची समिती बेकर यांच्यावरच उलटली. मग 18 जूनला प्रतिनिधीगृहात खर्चाच्या विधेयकाला एक दुरुस्ती चिकटवली गेली की टेलिकोला सगळे कायदे माफ. ती मोठ्याने वाचलीही गेली नाही. बेचाळीस सेकंदांत काम झालं. सप्टेंबरमध्ये सिनेटनेही होकार दिला, कार्टरनी नाइलाजाने सही केली आणि 29 नोव्हेंबरला दरवाजे बंद झाले. त्या माशाचं म्हणाल तर दुसऱ्या नद्यांत त्याने तग धरला, 2022 मध्ये त्याचं नाव धोक्याच्या यादीतून निघालं. 2025 मध्ये तर काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ती वेगळी जातच नव्हे! हिशेब मात्र कोणी खोडला नाही.

आज तळ्याकाठी निवृत्त लोकांची टुमदार घरं आहेत, गोल्फची मैदानं आहेत. पाणी सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. तनासी हे चेरोकी लोकांचं गाव, ज्यावरून टेनेसी हे नाव आलं, ते याच पाण्याखाली आहे. काठावर त्याच्या नावाचा एक दगड उभा केलाय. तिथवर जाऊन आलो. परतताना मुलीने विचारलं, मग बाबा, ते पाडत का नाहीत? म्हटलं, पाडायचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. ती कागद-पेन शोधायला लागली.