ब्रह्मपुरीचे घर कोणाचे?

दमणगंगेकाठच्या वाचकाला पंचगंगेकाठची ही गोष्ट परकी वाटू नये. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन विटांची घरे निघाली. याच टेकाडावर मिळालेल्या कांस्यवस्तूंत पोसायडन या सागरदेवाची रोमन घडणीची छोटी मूर्ती आहे. तेवढ्यावरून इथे रोमनांची वस्ती होती, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो.

पण वाचकहो, उलट बाजूही पाहा. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते घर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडले गेले होते. तिच्याशी जुळणारी मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही मिळाली. म्हणून पॉम्पेईत कोणी भोकरदनकर बिऱ्हाड करून होता, असे आपण म्हणतो का? मूर्ती व्यापाराची वाट दाखवते. घरधनी कोण, हे चूल आणि खापरे अधिक खरे सांगतात.

कार्ल्याच्या लेण्यात मात्र धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दिल्याचे लेख आहेत. त्यांतल्या एकाचे नाव सिहधय. नाव इथले, आणि यवन ही ओळख त्याने स्वतःच कोरून घेतलेली.