महाराष्ट्रातील विद्यार्थी राजकारण

महाराष्ट्रातील महाविद्यालये व विद्यापीठे यांमधील विद्यार्थ्यांच्या वैचारिक आणि संघटनात्मक कार्यास विद्यार्थी राजकारण असे म्हटले जाते. परस्परभिन्न विचारसरणींच्या संघटना हे त्याचे वैशिष्ट्य होय.

विचारप्रवाह

ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन (स्थापना १९३६) व स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडिया (१९७०) या डाव्या विचारांच्या संघटना आहेत. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद (१९४९) राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांशी जोडलेली आहे, तर नॅशनल स्टुडंट्स युनियन ऑफ इंडिया (१९७१) ही काँग्रेसची विद्यार्थी शाखा आहे. समाजवादी परंपरेतून युवक क्रांती दल व छात्रभारती उदयास आल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनात आंबेडकरी विद्यार्थी अग्रभागी होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

निवडणुका

महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारामुळे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानुसार परीक्षेतील गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमले जाऊ लागले. तत्पूर्वी, १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले होते. त्यामुळे लोकसभेसाठी मत देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःच्या महाविद्यालयात मात्र प्रतिनिधी निवडता येईना. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा करण्यात आली. परंतु २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

निवडणुकांअभावी विद्यार्थ्यांमधील मतभिन्नता मोर्चे, शिबिरे व व्याख्याने यांतून व्यक्त होत राहिली. कोणत्या विचाराला किती पाठिंबा आहे, हे मात्र मतमोजणीतून स्पष्ट होऊ शकले नाही.