तळ्यातला गणपती आणि जळालेलं आरमार

गेल्या आठवड्यात कामासाठी पुण्यात गेलो होतो. मधे दोन तास मोकळे मिळाले, म्हणून पर्वती चढलो आणि वरचं पेशवे संग्रहालय पाहिलं. चित्रं, शस्त्रं, नाणी सगळं बघून झालं, पण डोक्यात मात्र खालचं तळं बसलं.

आज सारसबागेत देवळाभोवती छोटंसं तळं उरलंय. मूळचं तळं बरंच मोठं होतं, नानासाहेब पेशव्यांनी करवून घेतलेलं. देऊळ त्यातल्या बेटावर, म्हणून 'तळ्यातला गणपती'. पेशवे मंडळी इथे नावेतून फिरायची असं सांगतात. १७५० च्या आसपास कात्रजला तलाव बांधून नळानं शहरात पाणी आणणारे हेच नानासाहेब. पुण्याला पाणी देणारा पेशवा म्हणून त्यांचं नाव घेतात ते काही उगाच नाही.

पण समुद्राच्या पाण्याचं काय?

कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले. मुलांत भाऊबंदकी माजली आणि शेवटी विजयदुर्ग तुळाजीच्या हाती आला. गडी शूर, पण पुण्याला जुमानत नव्हता. आपल्याच मुलखातली गलबतंसुद्धा लुटायचा. नानासाहेबांचा राग खोटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. चूक झाली ती उपायात. १७५५ साली कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईच्या इंग्रजांशी करार झाला. घरचं भांडण मिटवायला बाहेरचा बोलावला! त्याच वर्षी कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला.

फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर आला. सोबत फौज घेऊन क्लाइव्ह, हो, तोच प्लासीवाला. तुळाजी तेव्हा किल्ल्याबाहेर पेशव्यांच्या छावणीत, तहाच्या बोलण्यात. इंग्रजांच्या तोफांचा मारा सुरू झाला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज पेटलं. शेजारी गलबतं एकमेकांना बांधून उभी, आग सगळीकडे पसरली. कान्होजींच्या काळापासून दर्यावर दरारा असलेलं आरमार त्या एका दिवसात राख झालं.

पुढचा हिशेब बघा. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरला होता, तरी ताबा सोडेनात. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यात नवा तह झाला आणि बाणकोट कायमचं त्यांच्या पदरात पडलं, तेव्हा कुठे विजयदुर्ग परत मिळाला. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला. आणि अवघ्या सोळा महिन्यांत क्लाइव्ह प्लासी जिंकून बसला.

'पेशव्यांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं' अशा पोस्टी व्हॉट्सॲपवर फिरतात. तेही अर्धंच खरं. विजयदुर्गावर पेशव्यांचं आरमार पुढे होतंच की. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. पण तोवर मुंबईच्या इंग्रजांना समुद्रावर खरी धडकी भरवणारं कोणी उरलं नव्हतं. जातीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना ना तुळाजी समजेल ना नानासाहेब.

२०२२ मध्ये नौदलाच्या झेंड्यावर शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आला, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. माझीही. मग १७५६ चं काय करायचं? त्याचे निर्णय ना मालवणात झाले, ना अलिबागला. ते झाले पुण्यात. पेशवे दफ्तराची मोडीतली रुमालंही पुण्यातच आहेत.

सारसबागेत रोज एवढी गर्दी असते. भेळ खाऊन होईपर्यंत वाचून होईल एवढा एक फलक महापालिकेला तिथे लावता येणार नाही का? कात्रजचं पाणी आणि विजयदुर्गाची आग, दोन्ही एकाच फलकावर, नानासाहेबांच्या नावाखाली. पुण्यातल्या मित्रांनो, तुमच्या नगरसेवकाला विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा.