मुलाची गाडी, बापाचा हात

१५ मे १९५३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅनहॅटन बीच नावाच्या समुद्रकाठच्या गावी एक छोटी शर्यत झाली. शर्यतीतील गाड्या पुरत्या वीतभरही लांब नव्हत्या. चिडाच्या लाकडाचा एक ठोकळा, चार चाके आणि आसांऐवजी चार खिळे एवढाच त्यांचा ऐवज. इंजिन नाही, किल्ली नाही, दोरी नाही. उतरत्या लाकडी मार्गावर वरून गाड्या सोडायच्या आणि कोणती आधी खाली पोचते ते पाहायचे. पुढे 'पाइनवुड डर्बी' या नावाने हा खेळ अमेरिकेतील लाखो घरांत शिरला. त्याचा इतिहास म्हटला तर क्षुल्लक आहे. पण मुलाच्या खेळात मोठ्यांचा हात किती असावा, या प्रश्नाचा इतका मोजूनमापून घेतलेला शोध दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच सापडेल.

खेळाचे जनक डॉन मर्फी 'नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन' या विमाने बनविणाऱ्या कंपनीत नोकरीला होते आणि गावातील कब स्काउट पथकाचे प्रमुख होते. (आपल्याकडील शाळांतून 'कब-बुलबुल' परिचित आहेत, त्यांपैकीच हे कब.) मर्फींच्या दहा वर्षांच्या मुलाला 'सोप बॉक्स डर्बी' या प्रसिद्ध शर्यतीत उतरायचे होते, पण त्या शर्यतीसाठी त्याचे वय कमी पडत होते. लहान प्रतिकृती बनविण्याची आवड असलेल्या बापाने मग मुलाच्या वयाला झेपेल अशी शर्यतच तयार केली. मुलाने आत बसून चालवायच्या गाडीऐवजी हातात मावणारी गाडी आली. पहिला कोण यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून अंतिम रेषेवर दारावरच्या विजेच्या घंटा बसविल्या. बाप आणि मुलगा यांनी एकत्र बसून काही घडवावे, त्यातून हस्तकौशल्य यावे आणि हारजीत खेळाडूपणाने घेण्याची सवय लागावी, असा मर्फींचा हेतू होता. 'बॉईज लाइफ' या स्काउटांच्या मासिकाने १९५४ साली गाडीचा आराखडा छापला आणि खेळ देशभर पसरला.

या हेतूतील नवेपणा ध्यानात येण्यासाठी आधीच्या शर्यतीकडे पाहिले पाहिजे. १९३३ साली, महामंदीच्या दिवसांत, ओहायो राज्यातील डेटन येथे मायरन स्कॉट या वृत्तपत्र-छायाचित्रकाराला काही मुले खोक्यांपासून बनविलेल्या गाड्या उतारावरून पळविताना दिसली. त्याने त्यांची शर्यत भरविली. पुढच्याच वर्षी ती अखिल अमेरिकन झाली, १९३५ मध्ये ॲक्रन या गावी गेली आणि १९३६ मध्ये तिच्यासाठी तिथे खास उताराचा मार्ग बांधला गेला. शेवरोले कंपनीने दीर्घकाळ तिचा खर्च उचलला. मूळची पोरांची उनाडकी अशी राष्ट्रीय संस्था झाली. तिचा मूलभूत नियम मात्र एकच होता: गाडी मुलाने स्वतः बनविली पाहिजे. आपल्याकडे बेअरिंगची चाके लावून फळकुटाची गाडी करणाऱ्या पोरांना असा नियम कोणी घालून दिला नाही. त्यांच्या गाडीकडे मोठ्यांचे लक्षच नसते. मोठ्यांचे लक्ष गेले, बक्षिसे आली, शिष्यवृत्त्या आल्या, तेव्हा नियमाची गरज पडली.

हा नियम कसा मोडत गेला हे १९७३ साली जगजाहीर झाले. त्या वर्षी ॲक्रनची शर्यत कोलोरॅडो राज्यातील एका चौदा वर्षांच्या मुलाने जिंकली. त्याची गाडी सुटताच पुढे झेपावते, हे पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटले नाही. क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा गाडीच्या नाकाडात विद्युतचुंबक निघाला. सुरुवातीला गाड्यांना अडवून धरणारी लोखंडी पट्टी पुढे पडली की चुंबक तिच्या ओढीने गाडीला पुढे खेची. मुलाने डोके मागे टेकले की विजेचा प्रवाह सुरू होई. दोनच दिवसांत विजेतेपद काढून घेण्यात आले. ही करामत मुलाची नव्हती. तो ज्यांच्या घरी राहात होता ते त्याचे नातेवाईक रॉबर्ट लँग हे अभियंता-उद्योजक तिच्यामागे होते, आणि आदल्या वर्षीचा विजेता हा त्यांचाच मुलगा होता. लँग यांनी दिलेला खुलासा गुन्ह्याइतकाच बोलका आहे. अशा लबाड्या सर्रास चालतात आणि अकरा-बारा वर्षांची मुले जिंकण्याजोगी गाडी स्वतः बनवूच शकत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे, असा त्यांचा बचाव होता.

हा बचाव निर्लज्ज असला तरी निव्वळ खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो विचार करायला लावतो. मुलाने एकट्याने बनवावे हा नियम, आणि गाडी अशी सुबक, वेगवान हवी की देशभर तिचे कौतुक व्हावे ही अपेक्षा. या दोहोंमध्ये मुलाला पहिला धडा मिळे तो खोटे बोलण्याचा. 'गाडी मीच केली' असे त्याने म्हणावे आणि मोठ्यांनी ते खरे मानल्याचे दाखवावे.

मर्फींनी वीस वर्षे आधीच वेगळी वाट धरली होती. त्यांनी बापाला चोरदरवाजाने येऊ देण्याऐवजी उघडपणे घरात बोलावले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती करवत द्यायची तर शेजारी मोठे माणूस हवेच. या आमंत्रणामागे त्या काळाचीही गरज असावी. सुताराच्या घरी मुलगा वासला-रंध्याच्या आवाजातच वाढे. बापाच्या शेजारी बसण्यासाठी त्याला शर्यतीचे निमित्त लागत नसे. अर्थात त्या शिकण्यात जातीने बांधून ठेवलेली सक्ती होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण विमानाच्या कारखान्यात जाणाऱ्या बापाचे काम मुलाला दिसतच नव्हते. बापाच्या हातांना काय येते हे मुलाला कळावे, यासाठी आता एक संध्याकाळ मुद्दाम काढावी लागत होती. पाइनवुड डर्बीने ती संध्याकाळ दिली.

मात्र तिच्या टोकाला शर्यत होती, आणि शर्यतीचे शास्त्र मुलाच्या आवाक्यातले नव्हते. सगळ्या गाड्या सारख्याच उंचीवरून सुटतात. त्यामुळे कमीत कमी ऊर्जा वाया घालविणारी गाडी जिंकते. नियमानुसार वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम चालते. हलकी गाडी हवेच्या विरोधापुढे कमी पडते, म्हणून लाकूड कोरून शिसे भरायचे आणि काटा नेमका पाचावर आणायचा. ते वजन मागच्या बाजूस ठेवले की उतारावर ते अधिक उंचीवर राहते आणि गाडीला थोडी जास्त ऊर्जा मिळते. खिळे गुळगुळीत घासायचे, त्यांना ग्राफाइटची पूड लावायची, एक चाक किंचित उचलून धरायचे, म्हणजे घर्षण कमी. यातली प्रत्येक गोष्ट मुलाला समजावून सांगता येते. पण प्रत्येक गोष्ट बापाला अधिक चांगली करता येते. इथेच 'मदत' या शब्दाची हद्द पुसट होते. काही पथकांनी मोठ्यांसाठी वेगळी शर्यत ठेवून हौशी बापांना मुलांच्या गाडीपासून दूर करण्याचा शहाणपणा दाखविला, तर बाजाराने तयार गाड्याच विकायला काढल्या. शिवाय ज्या मुलाच्या घरी अवजारे नाहीत, किंवा शेजारी बसायला बापच नाही, त्याचा ठोकळा ठोकळाच राहतो, हे शर्यतीच्या मांडवात सर्वांना दिसते.

मुलाची गाडी आणि त्यात मोठ्यांनी घातलेला ऐवज म्हटले की मराठी वाचकाला शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आठवेल. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रोहसेन मातीच्या गाडीशी खेळायला तयार नसतो. वसंतसेनेला कळवळा येतो आणि सोन्याची गाडी करून घे म्हणून ती अंगावरचे दागिने त्या मातीच्या गाडीत घालते. तेच दागिने पुढे न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. वसंतसेनेचे वात्सल्य निर्मळ आहे, लँग यांची करामत तशी नव्हती. दोन्हींना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु मुलाच्या गाडीत मोठ्यांनी ठेवलेला ऐवज मुलाच्या खेळापुरता राहात नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून बापाने हात आखडता घ्यावा, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बापाने करवत कशी धरायची ते दाखविले नाही तर मुलाला ती कोण दाखविणार? अडचण बापाच्या हातात नाही, ती त्या घंटेत आहे. मर्फींनी एका ठोकळ्यात दोन हेतू घातले: दोघांनी मिळून घडवावे आणि एकानेच जिंकावे. दुसरा हेतू घंटेने मोजता येतो, म्हणून माणसे त्याच्या मागे लागतात. पहिला मोजण्याचे साधन नाही. कडा वाकडी निघालेली, रंगाचे ओघळ आलेली, शर्यतीत शेवटून दुसरी आलेली गाडी कित्येक घरांत पुढे वर्षानुवर्षे कपाटावर जपून ठेवली जाते. मुलाने करवत कुठे मारली आणि बापाने ती कुठे सावरली, हे त्या लाकडावर पाहणाऱ्याला अजून वाचता येते.