परसातली खोली: शनिवार पेठेतल्या वाड्यांची मागची बाजू

वाडा म्हटलं की आपण दिंडीदरवाजा, चौक, माजघर यांवर बोलतो. आज मागच्या दाराने परसात जाऊ. तिथं काय असायचं? विहीर किंवा हौद, तुळस, गोठा, लाकूडफाट्याची खोपटी, ऐपतदार घरी घोड्यांची पागा, आणि अगदी टोकाला टोपलीचे संडास. संडासांना बाहेरच्या बोळातून वेगळी वाट असे. सफाई करणाऱ्या माणसांनी घरात पाऊल टाकू नये म्हणून. वाड्याच्या रचनेतच जात बांधलेली होती, हे या मागच्या बाजूला सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

ही बांधकामं झाली तेव्हा परवानगी कुणाची घ्यायची? आजच्या अर्थाने कुणाचीच नाही. नगररचना हा शब्दही तेव्हा नव्हता.

मग १८९७ चा प्लेग आला. घरझडत्या झाल्या, सामान जाळलं गेलं. रँडच्या खुनापर्यंतचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या साथीने आणखी एक गोष्ट केली. अंधारी, कोंदट मागची बाजू सरकारच्या नजरेत आली. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार बांधकामाआधी नगरपालिकेला लेखी कळवणं आलं. म्हणजे परसाचा प्रश्न आधी आरोग्याचा होता, नकाशाचा नंतर झाला.

पुढे घोडे गेले, गायी गेल्या. पागेत आणि गोठ्यात भिंती घालून खोल्या झाल्या आणि त्यांत बिऱ्हाडं आली. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळालं, भाडं मात्र जवळजवळ गोठलं. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात कौलं कशी फिरवू? भाडेकरू म्हणे, दुरुस्ती केली तर ती माझी धरणार का? दोघांचंही खरं होतं, आणि पाणी खोलीत गळत राहिलं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठची शनिवार पेठ पाण्यात गेली. मातीच्या भिंती बसल्या, ट्रंकांमधले कागद लगदा झाले. लोकांनी मिळेल त्या विटा-पत्र्यांनी मागची बाजू पुन्हा उभी केली. त्या दिवसांत अर्ज कोण लिहीत बसणार?

आणि पाचच वर्षांनी, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे विकासकामाला आधी अर्ज करावा लागतो. कलम ४३ ने घरातल्या आतल्या डागडुजीला मोकळीक ठेवली, बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तर. मग गोठ्याची खोली केली, ही डागडुजी की नवं बांधकाम? वाद इथं सुरू होतो.

इंग्लंडमध्ये ठरावीक वर्षं उलटली की नगररचना खात्याला कारवाई करता येत नाही. काही बांधकामांना ही मुदत चार वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून ती सरसकट दहा झाली. आपल्याकडे तसा दिलासा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की नुसता काळ लोटला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. घरपट्टी भरली, म्हणूनही होत नाही.

पण शनिवार पेठेचं दुखणं आणखी वेगळं आहे. तिच्या डोक्याशी शनिवारवाडा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीने. १०० मीटरांच्या आतलं घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल, तर मालकाला दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे परसातली एखादी पडकी खोली शंभर वर्षांची असली, तरी ती १९९२ च्या आधी होती हे दाखवता आलं पाहिजे.

दाखवणार कशाने? मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा जागा सांगतात. महापालिकेचं जुनं आकारणी पत्रक, भाडेपावती, वीजबिल, रेशनकार्ड, यांतून खोली आणि त्यात राहणारा माणूस, दोघांचा पुरावा मिळतो. यांनी बांधकाम अधिकृत ठरतं असं नाही, पण ते कधीपासून आहे याची साक्ष मिळते. वाडा पाडून इमारत बांधायची वेळ येते, तेव्हा पुढच्या सोप्यातल्या भाडेकरूचं नाव यादीत सहज येतं. परसातल्या बाईंना मात्र आपण इथं चाळीस वर्षं राहतोय, हे सिद्ध करावं लागतं.

स्मारक जपायला हवं, यात आपलं दुमत नाही. पण पेशव्यांच्या वाड्याच्या भिंती जपताना शेजारच्या परसात राहणाऱ्यांच्या छपराचा हिशेबही त्याच इतिहासात धरायला हवा. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. जुनी ट्रंक उघडा, भाडेपावत्या फेकू नका, आणि परसाचा तारीख दिसेल असा जुना फोटो असेल तर तो जपून ठेवा. आता प्रश्न घेऊ.